फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस: दांडिया बाजारातल्या प्लॅन पास करून देणाऱ्या ऑफिसचा अनुभव, साडेचार स्टार

बडोद्यात घर पाडून नवीन बांधायचं असेल किंवा वर मजला चढवायचा असेल तर हे वाचा. लांब झालंय, पण आमचे पाच महिने आणि सत्तर हजार रुपये भाडं यात गेलंय म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

रेटिंग साडेचार. अर्धा का कापला ते पुढे सांगते. ऑफिसचं नाव टाकत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलं, दोनच माणसं आहेत तिथे, एक काका जे इंजिनिअर ऑन रेकॉर्ड, म्हणजे प्लॅनची जबाबदारी घेणारे इंजिनिअर, म्हणून सही करतात आणि एक ताई ज्या फाईली सांभाळतात, आणि एका वेळी ते ठराविकच फाईली घेतात, जास्त नाहीच. सुरुवातीला मला हा भाव खाणं वाटलं होतं. तसं नाहीये, हिशोब आहे त्यामागे, तोही सांगते.

आमचं कारेलीबागेतलं घर बाबांनी १९७५ च्या आसपास बांधलेलं, तळमजला आणि गच्ची. मागच्या खोलीच्या स्लॅबची सळई उघडी पडली होती आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा, तिथे राहणं धोक्याचं झालं म्हणून वाघोडिया रोडला फ्लॅट भाड्याने घेतला, चौदा हजार महिना, तिसरा मजला. नवीन घर तळमजला आणि वर एक असं ठरलं, बाबांची खोली खाली रस्त्याच्या बाजूला, म्हणजे बसल्या जागी येणारे-जाणारे दिसतील. बाबा ७८ वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "रजाचिठ्ठी आली का गं?" गुजरातबाहेरच्यांसाठी सांगते, बांधकामाच्या परवानगीला इथे रजाचिठ्ठी म्हणतात, आणि बांधून झाल्यावर वापरायची जी परवानगी मिळते ती बीयू, म्हणजे बिल्डिंग यूज.

आधी आम्ही दुसऱ्या एका माणसाला काम दिलं होतं. नाव लिहीत नाही. त्याचं उत्तर दर वेळी ठरलेलं, फाईल आत आहे, साहेब रजेवर आहेत, सर्व्हर बंद आहे, स्टाफ इलेक्शन ड्युटीवर गेलाय. पाच महिने मी आणि माझा भाऊ घरच्या ग्रुपवर खात्याला, म्हणजे परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसला, शिव्या घालत होतो. मामा तर म्हणाला काहीतरी "द्यायला" लागेल, त्याशिवाय हलत नाही. आम्ही दिलं नाही, पण मनात तेच पक्कं झालं होतं की मुद्दाम अडवलंय.

मग बाबांच्या गणपती मंडळातल्या एका काकांनी या ऑफिसचं सांगितलं. दांडिया बाजारात पहिला मजला, लाकडी जिना, आत दोन टेबलं आणि भिंतीभर फाईली. मी बसले आणि प्लॉट किती, मजले किती हे सांगायला लागले तर ताईंनी थांबवलं, म्हणाल्या ते नंतर, आधी तारखा सांगा. कसल्या तारखा? तर अर्ज कधी गेला, पहिली क्वेरी (खात्याने काढलेली त्रुटी) कधी आली, उत्तर कधी गेलं, दुसरी क्वेरी कधी. माझ्याकडे एकही तारीख नव्हती! पाच महिने मी फक्त "झालं का" विचारत होते.

त्या म्हणाल्या हरकत नाही, अर्ज ऑनलाइन आहे म्हणजे प्रत्येक हालचालीची तारीख तिथे असणारच, लॉगिन द्या. लॉगिन त्या माणसाकडे. आणि मोबाईल नंबर पण त्याचाच टाकलेला, म्हणजे खात्याकडून आलेले सगळे मेसेज त्याच्या फोनवर जात होते, आमच्यापैकी कुणाच्याच नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं करा, अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाकायला लावा.

चार दिवस भांडून लॉगिन मिळवलं. ताईंनी वहीत दोन रकाने आखले, एकावर लिहिलं "त्यांच्याकडे", दुसऱ्यावर "आपल्याकडे", आणि तारखा बघून आकडे टाकत गेल्या. अर्ज गेल्यावर ११ दिवसांत पहिली क्वेरी आली होती. त्याचं उत्तर ६४ दिवसांनी गेलं. उत्तर गेल्यावर ९ दिवसांत दुसरी क्वेरी. त्याचं उत्तर ६३ दिवसांनी. मग परत ९ दिवस, आणि तिसरी क्वेरी त्या दिवशी आमच्याच लॉगिनमध्ये न वाचलेली पडून होती. बेरीज केली तर खात्याकडे २९ दिवस आणि आमच्याकडे १२७. एकूण १५६.

मी अकाउंट्समध्ये काम करते, माझं आयुष्य येणी-देणी किती दिवस थकली हे बघण्यात जातं, आणि घरच्या सगळ्यात मोठ्या कामात मी हे एकदाही बघितलं नाही. फार वाईट वाटलं. त्या रात्री ग्रुपवर लिहिलं की आपण चुकीच्या माणसांना बोलत होतो. भावाने आधी विश्वासच ठेवला नाही, वहीचा फोटो पाठवला तेव्हा गप्प झाला.

क्वेरी काय होत्या म्हणाल तर एकही विचित्र नव्हती. प्रॉपर्टी कार्डावर आईचं नाव अजून होतं, वारसाई, म्हणजे वारसांची नावं चढवणं, केलीच नव्हती. रस्त्याच्या बाजूचं मार्जिन, म्हणजे मोकळी सोडायची जागा, ड्रॉइंगमध्ये एका ठिकाणी कमी दिसत होतं. पार्ट प्लॅनवरचा, म्हणजे नगररचनेच्या नकाशातल्या आपल्या भागावरचा, एफपी (फायनल प्लॉट) नंबर आणि अर्जातला एफपी नंबर जुळत नव्हता. स्ट्रक्चर इंजिनिअरची सही एका कागदावर राहिली होती. यातली प्रत्येक गोष्ट अर्ज टाकायच्या आधीच कळली असती, कुणीतरी अर्धा तास बसून कागद एकावर एक ठेवून बघितले असते तर.

आता त्यांनी काय केलं ते. सगळ्यात आधी, काहीच केलं नाही असं मला वाटलं! १९ दिवस नवीन अर्जच टाकला नाही. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा जाऊन आवाज चढवला. काका शांतपणे म्हणाले, "बेटा, हे १९ दिवस पण वहीत लिहिलेत बघ, आपल्याकडच्या रकान्यात, लपवले नाहीत." आणि खरंच लिहिले होते. त्या दिवसांत वारसाईचं काम मार्गी लावलं, ड्रॉइंगचे लेयर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशाचे वेगवेगळे थर, सरळ केले, कारण ऑनलाइन सिस्टिम ड्रॉइंगचे लेयर वाचून एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम) आणि मार्जिन तपासते आणि लेयर चुकला की बरोबर असलेली गोष्ट पण चूक दाखवते, सीजीडीसीआर म्हणजे गुजरातचे बांधकामाचे २०१७ चे जे नियम आहेत त्यातल्या आमच्या प्लॉटला लागू होणाऱ्या एकेका मुद्द्यासमोर टिक केली, सगळ्यांच्या सह्या एकाच दिवशी बसवून घेतल्या. मग अर्ज गेला. खात्याकडे २४ दिवस, मध्ये एक क्वेरी, तिचं उत्तर आम्ही २ दिवसांत दिलं. २६ दिवसांत रजाचिठ्ठी. तयारीचे १९ धरले तर ४५.

हे ४५ की २६ हा प्रश्न ताईंना मी विचारला, कारण लोकांना सांगताना कुठला आकडा सांगायचा? त्या म्हणाल्या दोन्ही लिहायचे, दोन्ही खरे आहेत. खातं मोजतं ते फी भरून अर्ज स्वीकारला तिथपासून, घरमालक मोजतो तो पहिल्यांदा जिना चढला तिथपासून, आणि मग दोघं एकमेकांना खोटं म्हणतात. घड्याळ कधी सुरू होतं, कधी थांबतं आणि कुणासाठी थांबतं, हे आधी ठरल्याशिवाय "किती दिवस लागले" या वाक्याला अर्थच नाही.

थांबणाऱ्या घड्याळाचं महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक सांगते, काकांनीच दाखवलं. तुमच्याकडे १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक नियोजन आणि नगररचनेचा, कायदा आहे, त्याच्या ४५ व्या कलमात ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरायची तरतूद आहे. लोक एवढंच वाचतात. पण तिथे पुढे असंही आहे की अर्जाच्या तारखेपासून ६० दिवस किंवा मागितलेल्या माहितीचं उत्तर मिळाल्यापासून ६० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. म्हणजे एक क्वेरी आली आणि तुम्ही तिचं उत्तर दिलंत की नवीन ६० दिवस सुरू. अशी मुदत कुठल्याही गावात असो, ५९ व्या दिवशी एक बारीकशी क्वेरी टाकली की मुदत पाळली गेली आणि काम काही झालं नाही. म्हणून ताईंच्या वहीत दिवसांच्या शेजारी फेऱ्यांचा वेगळा रकाना आहे, लाल पेनाने. फाईल किती वेळा परत आली. त्या म्हणतात दिवसांपेक्षा मी आधी फेऱ्या बघते, दोनच्या वर गेल्या तर कुणाचं तरी काहीतरी चुकतंय, बहुतेक वेळा आपलं.

कॅलिफोर्नियात यासाठी १९७७ सालीच कायदा झाला होता, अर्ज आल्यापासून ३० दिवसांत खात्याने सांगायचं की कागद पुरे आहेत का, नसतील तर काय काय कमी आहे. कल्पना किती साधी आहे! तरी तिथेच सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२३ साली राज्य सरकारने तपासणी केली तेव्हा घरबांधणीच्या प्रकल्पांना नियोजनाच्या मंजुरीसाठी सरासरी ५२३ दिवस आणि त्यापुढे बिल्डिंग परमिटसाठी ६०५ दिवस लागतात असं निघालं. म्हणजे नुसत्या कायद्याने होत नाही. पण आकडा तरी बाहेर आला, लोकांनी वाचला, त्यावर बोलणं झालं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती वही, म्हणून तिच्याबद्दल अजून लिहिते, ज्यांना कंटाळा आला त्यांनी खाली फी वगैरे आहे तिथे जा.

एका पानावर छोट्या घरांच्या ९ फाईली होत्या. दिवस असे, १२, १४, १५, १८, १९, २१, २४, ६० आणि १५०. मी सवयीने सरासरी काढली, ३७ आली. ताईंनी विचारलं यातल्या किती घरांना ३७ च्या आसपास लागले? एकालाही नाही. सात जणांचं २४ च्या आत झालं आणि दोघं अडकले. मधला आकडा १९. त्या गिऱ्हाइकाला सांगताना म्हणतात की बहुतेक १९ च्या आसपास होईल, पण अडकलं तर दोन महिने किंवा त्याहून जास्त, तेव्हा भाड्याची तयारी ठेवा. मला कुणी आधी असं सांगितलं असतं तर आम्ही अकरा महिन्यांचा करार केला असता, महिन्या-महिन्याने घरमालकाची मिनतवारी केली नसती.

आणि एक गोष्ट जी मी ऑफिसमध्ये पण वापरायला लागलेय. पूर्ण झालेल्या फाईलींचेच दिवस मोजले तर चित्र नेहमी चांगलं दिसतं, कारण सोप्या फाईली आधी सुटतात आणि अडकलेल्या कुठल्याच हिशोबात येत नाहीत. आमची फाईल पाच महिने लटकलेली, पण ती पूर्ण झालीच नव्हती म्हणजे "पास झालेल्या फाईलींना लागलेला वेळ" यात ती कुठेच नाही. ताई दर सोमवारी उघड्या फाईलींचं वय लिहितात, आज किती दिवसांची झाली. सगळ्यात म्हातारी फाईल सगळ्यात वर, आणि सकाळचा पहिला फोन तिच्यासाठी.

आता ते फाईली कमी का घेतात ते. काकांनी मला समजावलं ते सेव उसळच्या दुकानाचं उदाहरण देऊन. रविवारी सकाळी दुकानासमोर ३० लोक उभे आहेत आणि मिनिटाला दोन प्लेटी निघतायत, तर शेवटच्या माणसाला १५ मिनिटं. तो कितीही ओरडला तरी १५ च. ओळ छोटी करा नाहीतर प्लेटी जास्त काढा, तिसरा रस्ता नाही. तसंच टेबलावर ६० फाईली आहेत आणि दिवसाला ३ हातावेगळ्या होतायत तर २० दिवस. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकांनी १९६१ साली हे गणिताने सिद्ध करून दाखवलं, आणि गंमत म्हणजे ओळीत कोण कसं येतं याने त्यात फरक पडत नाही. काका म्हणतात आम्ही दोघं आठवड्याला दोनच फाईली नीट तयार करू शकतो, आठ घेतल्या तर चार आठवडे आणि सोळा घेतल्या तर आठ, मग सोळा घेऊन सगळ्यांना खोटं कशाला सांगू?

तिथे बसल्या बसल्या खात्याबद्दलचं माझं मतच बदललं. तिथल्या टेबलावर पण ओळच आहे, चार लोक इलेक्शन ड्युटीवर गेले की प्लेटी कमी निघणार आणि ओळ वाढणार. आणि अर्धवट अर्ज टाकणारे आमच्यासारखे लोक एकाच फाईलीला तीन-तीनदा ओळीत उभं करतात, म्हणजे बाकीच्यांचा वेळ पण आम्ही खाल्ला. छोट्या घराची फाईल मोठ्या टॉवरच्या मागे उभी राहू नये, त्यांची ओळ वेगळी असावी असं मला मनापासून वाटतं, आणि प्रत्येक खात्याने, कुठल्याही शहरातल्या, दर महिन्याला चार आकडे दारावर लावावेत. मधला आकडा किती, दहातल्या नऊ फाईली किती दिवसांत सुटल्या, त्यातले खात्याकडचे किती आणि अर्जदाराकडचे किती, आणि सगळ्यात जुनी उघडी फाईल किती दिवसांची. एवढं लावलं तर मामासारख्या लोकांचं "द्यायला लागेल" बंद होईल, कारण थांबलंय कुठे ते सगळ्यांना दिसेल.

वर्ल्ड बँकेच्या रँकिंगमध्ये बांधकाम परवान्यात भारत २०१८ च्या रिपोर्टात १८१ वा होता, २०१९ च्या मध्ये ५२ वा आणि २०२० च्या मध्ये २७ वा. मला अभिमान वाटला होता तेव्हा, स्टेटसला ठेवलं होतं. काकांनी सांगितलं की भारतासाठी त्यात फक्त मुंबई आणि दिल्ली मोजलेली, आणि आकडेवारीतल्या गडबडीमुळे २०२१ मध्ये तो रिपोर्टच बंद केला. कारेलीबागेतल्या घराला किती दिवस लागतात हे त्यात नव्हतंच. त्यांच्या कपाटात पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१६ साली बडोद्याच्या वाढीवर लिहिलेल्या रिपोर्टाची झेरॉक्स आहे. गेडिस सगळीकडे एकच म्हणायचे, आधी पाहणी मग प्लॅन, आणि काका तेच म्हणतात, आधी वही मग तक्रार.

फी. आमच्या घराचे ४५ हजार घेतले, स्ट्रक्चर इंजिनिअरची फी वेगळी, खात्याची फी ऑनलाइन आमच्याच बँक खात्यातून भरली आणि पावती आमच्या नावाची. आधीच्या माणसापेक्षा जास्त आहे. पण तीन हप्त्यांत घेतात आणि शेवटचा हप्ता रजाचिठ्ठी हातात आल्यावर. "वरचे" म्हणून एक रुपया मागितला नाही, मी विचारलं तर काकांना राग आला.

अर्धा स्टार का कापला. वही कागदाची आहे आणि ती बघायला जिना चढून जायला लागतं. बाबांसारख्या माणसाला तो जिना जमणारच नाही, मला पण दर वेळी ऑफिसमधून हाफ डे टाकून जावं लागलं. फोनवर ताई फक्त "चालू आहे" एवढंच सांगतात, तारीख सांगत नाहीत, का तर समोर वही नसताना अंदाजाने बोलायचं नाही. तत्त्व बरोबर आहे पण मला त्रास झाला. एक साधी शीट बनवून गिऱ्हाइकाला लिंक दिली तर प्रश्न मिटेल, मी बनवून देते म्हटलंय, विचार करतायत. दुसरं म्हणजे ते १९ दिवस का लागणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं, माझं एक भांडण वाचलं असतं.

सध्या प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, काम आलंय, प्लिंथ चेकिंग झालं, त्याची पण वहीत नोंद आहे, त्यांच्याकडे ६ दिवस, आपल्याकडे ०. बाबांना मी फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा लावून तो शून्य नीट बघितला आणि म्हणाले, आता बीयूचं पान कधी उघडणार?

जायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी काका साइटवर असतात. प्रॉपर्टी कार्डाची ताजी नक्कल, पार्ट प्लॅन, झोनिंग सर्टिफिकेट, वेरा (घरपट्टी) भरल्याची पावती आणि आधी अर्ज केला असेल तर त्याचा नंबर आणि लॉगिन घेऊन जा. कार्डावर गेलेल्या माणसाचं नाव असेल तर आधी वारसाईला लागा, बाकीचं त्यानंतर. नावासाठी मला मेसेज करा, ताईंना विचारून नंबर देते, या महिन्यात त्यांच्या आठही जागा भरल्यात.